कळ सोसण्यापलीकडे

'जरा कळ सोस' हे शब्द लहानपणी ऐकले नाहीत असा माणूस आपल्या समाजात क्वचितच सापडेल. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, गिरणीच्या साच्यापुढे आणि रस्त्याच्या खडीवर ज्या पिढ्यांनी आयुष्य काढले, त्यांच्यापाशी दुसरे औषधच नव्हते. कळ सोसली नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडत असे. ते शब्द आपल्याबरोबर विमानात बसून कुवेतला आले आहेत. आज आपल्यापैकी कोणी शर्कमधील कार्यालयात दिवसाचे नऊ तास संगणकापुढे बसतो, कोणी शुवैखच्या गोदामात माल उचलतो, कोणी रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कुशीवर वळवते, कोणी घर आणि मुले सांभाळून दिवसभर ओट्यापुढे उभी असते. पाठ धरली, मान आखडली की तोंडातून निघते ते हेच. फरक इतकाच, की आता सोसण्याच्या जोडीला गोळी आली आहे.

आमचे म्हणणे असे, की महिनोन्‌महिने चाललेले दुखणे सोसण्याचीही गोष्ट नाही आणि केवळ गोळीने दाबण्याचीही नाही. ते ओळखता येते, वाचता येते आणि पुष्कळ वेळा हळूहळू शमवताही येते. श्वास, बसण्या-उठण्याची रीत आणि शरीराकडे दिलेले शांत लक्ष ही त्याची साधने आहेत. मात्र ती हाती यायला वेळ लागतो, आणि वेळ हा कष्टकऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे. ध्यानाचा पुरस्कार करणारे आपले बांधव पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी विसरतात. चळवळीतील बांधव दुसरी सांगतात आणि पहिलीला पळवाट म्हणतात. आम्हांला दोन्ही एकाच दमात बोलायच्या आहेत.

प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हणजे ती केवळ दुसऱ्या एखाद्या रोगाची सावली नसून कधी कधी स्वतःच एक आजार असते, हे आता मान्य झाले आहे. बोट कापले की दुखते, जखम भरली की थांबते. हा झाला साधा हिशेब. जुनाट वेदनेत जखम भरून गेलेली असते, पण मज्जासंस्था सावधपणा सोडत नाही. आमच्यासारख्या संगणकवाल्यांना हे लवकर उमगते. एकदा मोठा बिघाड झाला, की घाबरलेला व्यवस्थापक सर्व्हरच्या इशाऱ्याचा उंबरठा इतका खाली आणून ठेवतो, की पुढे साधी वर्दळ वाढली तरी मध्यरात्री घंटा वाजू लागते. घंटा खरी असते, झोपमोड खरी असते. आग मात्र नसते. वेदनेचेही असेच होते. ती खोटी नसते, मनाचा खेळ नसते. पण दर वेळी ती शरीर मोडत असल्याची खूण असतेच असे नाही.

हे समजून घेणे का महत्त्वाचे, ते एमआरआयच्या अहवालावरून कळते. पाठदुखीचा माणूस तपासणी करून घेतो, अहवालात मणक्यांमधील चकती झिजल्याचे किंवा बाहेर आल्याचे वाचतो, आणि त्या दिवसापासून वाकणे, उचलणे, मुलाला कडेवर घेणे सारे बंद करतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. विशीतील ३७ टक्के आणि पन्नाशीतील ८० टक्के माणसांत चकत्यांची झीज आढळली. दुखत काहीच नव्हते! केस पिकावेत तसे मणकेही पिकतात. अहवाल निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. पण अहवाल म्हणजे निकालपत्र नव्हे.

कुवेतमध्ये या भीतीत आणखी एक भीती मिसळते. इथला आपला निवास नोकरीशी बांधलेला आहे. पाठीचे दुखणे वरिष्ठांच्या कानी गेले तर कराराचे नूतनीकरण होईल का, ही शंका गोदामातील कामगारालाही असते आणि अभियंत्यालाही. गावाकडे घराचे हप्ते चालू असतात, बहिणीचे लग्न ठरलेले असते. म्हणून दुखणे लपवले जाते. सुट्टीवरून परतणाऱ्या मित्राच्या सामानात गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या जातात. येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेत राहिल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. ज्या देशात उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि घामावाटे शरीराचे पाणी आटते, तेथे मूत्रपिंडाचा धोका अधिकच. दुसरी गोष्ट, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधे आखाती देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. भारतातल्या दुकानात सहज मिळालेली पट्टी विमानतळावर तुरुंगाचे कारण ठरू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक ती परवानगी नसताना अशी औषधे कोणाच्या हाती पाठवू नयेत, कोणाची आणूही नयेत.

आता ज्या माणसाची हकिकत या विषयाशी अगदी जवळून जोडलेली आहे, त्याच्याकडे वळू. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडालेचा. ब्रह्मदेशात स्थायिक झालेल्या भारतीय व्यापारी कुटुंबातील हा तरुण यशस्वी उद्योजक होता आणि अर्धशिशीने बेजार होता. वेदना इतकी तीव्र, की तिच्यासाठी मॉर्फीन टोचावे लागे. औषधाचे व्यसन जडेल, असे डॉक्टरांनी बजावले. युरोप, अमेरिका, जपान असे उपचारांसाठी फिरून झाले. गुण आला नाही. शेवटी १९५५ साली रंगूनमध्ये ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. उ बा खिन हे कोणी मठाधिपती नव्हते. ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात दिवस घालवणारे सरकारी अधिकारी; आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवीत. (त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनलाच गेले होते, ही नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही.) गोयंकांनी डोकेदुखीवर इलाज मागितला, तेव्हा उ बा खिन यांनी नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी यायचे असेल तर येऊ नका, मनाच्या शुद्धीसाठी यायचे असेल तर या, असा त्याचा आशय होता. गोयंका पुढे दहा दिवसांच्या शिबिराला बसले, आणि अर्धशिशीची ती पकड सुटली. १९६९ मध्ये ते भारतात आले. १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरीचे काम सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कोणी ना कोणी त्या टेकडीवर दहा दिवस मौनात राहून आलेले आहे.

त्या नकारात आम्हांला मोठा व्यावहारिक शहाणपणा दिसतो. 'दुखणे गेले का? अजून गेले नाही का?' असे घटकेघटकेला तपासणारे मन दुखण्याला सोडतच नाही. घंटा वाजते का हे ऐकण्यासाठी जो रात्रभर कान देऊन बसतो, त्याला ती अधिकच ऐकू येते. लक्ष द्यायचे, पण त्या लक्षात भीती आणि घाई नसावी. सारी कसरत येथेच आहे.

हे लक्ष कशाकडे द्यायचे, याचे उत्तर आपल्या मायबोलीत दडलेले आहे. इथल्या दवाखान्यात डॉक्टर बहुधा इजिप्तचे किंवा केरळचे असतात, संभाषण तुटपुंज्या इंग्रजीत होते, आणि आपण 'बॅक पेन' एवढे दोन शब्द सांगून शून्य ते दहामधला एक आकडा देतो. मराठी मात्र वेदनेच्या बाबतीत श्रीमंत भाषा आहे. कष्टकऱ्यांनीच ती श्रीमंत केली. कळ वेगळी, सणक वेगळी, चमक वेगळी. ठणका रात्री वाढतो, ठसठस जखमेत असते, उसण भरते ती श्वास घेताना अडते. पाय भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, बोटांना मुंग्या येतात, हात बधिर होतो, खांदा अवघडतो, कंबर धरते, मान आखडते, अंग मोडून येते. या प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी नेमके निरीक्षण आहे. आपल्या आज्यांना हे शब्द तोंडपाठ होते. आपल्या मुलांना इथे 'दुखतंय' यापुढचा एकही येत नाही. आमची सूचना साधी आहे. रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: कोठे, कशा प्रकारचे, कधी वाढले, कधी उतरले. आठ-पंधरा दिवसांत लक्षात येते, की 'सतत दुखते' असे आपण म्हणतो ते सतत नसते. ते वाढते, ओसरते, सरकते, शुक्रवारी कमी असते, रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला की पुन्हा डोके वर काढते.

पालीत 'वेदना' या शब्दाचा अर्थच मुळी मराठीहून व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी शरीरमनाला होणारी प्रत्येक जाणीव म्हणजे वेदना. सतिपट्ठान सुत्तात तिचे निरीक्षण करायला सांगितले आहे ते या अर्थाने. दुखणारा माणूस दुखऱ्या जागेपुरता उरतो; उजवा तळवा उबदार आहे, पोट सैल आहे, गालावर वाऱ्याची झुळूक आहे, या जाणिवा त्याच्या हिशेबातून गळून पडतात. निरीक्षणाने तो हिशेब पूर्ण होतो. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यावर आपण रचलेला शोक, संताप आणि धास्ती हा दुसरा. पहिला नेहमी चुकवता येत नाही. दुसरा मात्र आपल्याच भात्यातला असतो.

आणि येथे आपल्या समाजाने विशेष सावध राहावे असा एक मुद्दा आहे. दुखणे आले की 'भोग आहेत' म्हणणारे लोक आपल्याही घरांत आहेत. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते ही कल्पना नाकारली आहे. ज्यांच्या माथी हजारो वर्षे 'पूर्वकर्म' मारले गेले, त्यांना या नकाराचे मोल वेगळे सांगायला नको. याच विषयावर संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्न आलेला आहे. माणूस जी जी वेदना अनुभवतो ती सारी पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय, असे त्याने तथागतांना विचारले. बुद्धांनी ते मत चुकीचे ठरवले आणि वेदनेची आठ कारणे मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम परिहार, आघात आणि सर्वांत शेवटी कर्मविपाक. यातील 'विषम परिहार' म्हणजे शरीराची नीट काळजी न घेता, त्याला वेडेवाकडे राबवल्याने उद्भवलेले दुखणे. अट्ठकथेत त्याचे उदाहरण जड ओझे वाहण्याचे दिले आहे. ओझे वाहणाऱ्याच्या पाठदुखीचे कारण ओझे आहे, त्याचा मागचा जन्म नव्हे!

म्हणून विपश्यना शिबिरांतून कधी कधी ऐकू येणारे एक स्पष्टीकरण आम्हांस पटत नाही: बसल्यावर गुडघ्यात उठणारी प्रत्येक कळ म्हणजे जुने संखार वर येऊन निघून जात आहेत, ही समजूत. काही वेळा गुडघा दुखतो तो केवळ गुडघा दुखावला आहे म्हणून. निश्चल बसण्याचा संकल्प ज्याला झेपतो त्याने करावा; ज्याचे सांधे बिघडले आहेत त्याने खुर्ची मागून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मज्झिम निकायातील सेख सुत्तात एक प्रसंग आहे. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री बराच वेळ उपदेश झाल्यावर बुद्धांनी आनंदाला पुढे बोलण्यास सांगितले. आपली पाठ दुखत आहे, थोडे आडवे होतो, असे म्हणून त्यांनी संघाटीची चार पदरी घडी अंथरली आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. पावा येथे मल्लांच्या सभागृहातही त्यांनी असेच सारिपुत्ताकडे सूत्रे सोपवल्याची नोंद दीघ निकायात आहे. ज्याने जगाला दुःखमुक्तीचा मार्ग सांगितला, त्याने भर सभेत पाठ दुखते म्हणून विश्रांती घेतली. ही नोंद जपून ठेवणाऱ्या त्या भिक्खूंचे आम्हांला फार कौतुक वाटते.

श्वासाकडे येऊ. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. दिवसाला सतरा ते तेवीस हजार. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा त्याचा मुख्य स्नायू, आणि त्याची मुळे कमरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेली आहेत. श्वास आणि कंबर यांचे नाते असे हाडामांसाचे आहे. काळजीत, घाईत, कामाच्या मुदतीच्या दडपणात आपण पोट आवळून छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो. मग मानेचे आणि खांद्यांचे स्नायू ते ओझे उचलतात. दिवसाला हजारो वेळा उचलतात. संध्याकाळी मान दुखू लागली तर नवल कसले? संगणकावर अवघड ईमेल वाचताना स्वतःकडे पाहावे: दात आवळलेले, खांदे कानांकडे चढलेले आणि श्वास चक्क रोखलेला आढळतो.

उपाय असा. पाठीवर झोपून गुडघे उभे करावेत, एक हात पोटावर ठेवावा. नाकाने सुमारे चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. पोटावरचा हात वर-खाली व्हावा. मिनिटाला सहा श्वास होतात. एवढ्या मंद लयीत, विशेषतः उच्छ्वास लांबल्यावर, हृदयाची गती उतरते आणि शरीराला 'धोका टळला' असा निरोप मिळतो. पाच मिनिटे सकाळी, पाच मिनिटे रात्री पुरेत. चक्कर आली किंवा घुसमटल्यासारखे झाले तर जोर करू नये, नेहमीचा श्वास घ्यावा. आनापानसतीत श्वास वाकवायचा नसतो, फक्त जाणायचा असतो. हा मंद श्वासाचा व्यायाम त्याहून वेगळा आहे, आणि दोन्हींना आपापली जागा आहे.

शरीराच्या ठेवणीबद्दल बराच गैरसमज आहे. 'ताठ बस' असे आपण मुलांना ओरडतो, आणि ताठ बसण्याच्या नादात स्वतःची कंबर दगडासारखी करून घेतो. आदर्श अशी एकच ठेवण नाही. शरीराला बदल हवा असतो. अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यावे, खिडकीपर्यंत जाऊन यावे. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा, कारण पाच किलोचे डोके पुढे झुकवून तासन्‌तास धरण्याचे काम मानेच्या मागच्या स्नायूंना करावे लागते. गावाकडे आपली माणसे मांडी घालत, उकिडवे बसत, जात्यापुढे एक पाय पसरत. दिवसभरात शरीर दहा आकार घेई. इथे सदनिकेतून लिफ्टने मोटारीत, मोटारीतून खुर्चीत, खुर्चीतून सोफ्यावर, असा एकच काटकोन दिवसभर टिकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर चालणे अशक्य असते हे खरे. तेव्हा मॉलच्या थंड, लांबलचक मार्गिका सकाळी मोकळ्या असतात. दहा मिनिटे चालल्यावर दुखणे वाढत असेल तर आठ मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवावे. चांगल्या दिवशी उत्साहाने सारे घर साफ करायचे आणि मग दोन दिवस अंथरुणावर काढायचे, हा क्रम मोडणे हीच निम्मी सुधारणा आहे.

हे सारे तपासून पाहिलेले आहे का, हा प्रश्न आपल्या वाचकांनी विचारलाच पाहिजे. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी, इतर उपचारांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याची त्यातील रीत उ बा खिन यांच्या परंपरेशी नाते सांगणारी आहे. म्हणजे रंगूनमध्ये ज्या कारणासाठी दार बंद झाले होते, त्याच कारणासाठी येथे ते उघडले गेले. २०१६ साली एका प्रमुख अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सजगतेच्या वर्गातील सुमारे ६० टक्के रुग्णांच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ती ४४ टक्के होती. विचार-वर्तन उपचार घेणाऱ्या तिसऱ्या गटालाही जवळजवळ तितकाच फायदा झाला. त्याआधी २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ५७९ रुग्णांवर अलेक्झांडर पद्धतीची, म्हणजे उठण्या-बसण्याच्या सवयी शिक्षकाच्या मदतीने बदलण्याची, चाचणी झाली होती. तिचाही निष्कर्ष अनुकूल होता. आकडे आम्ही मुद्दाम दिले. ते चमत्काराचे नाहीत. दहातील चौघांना फारसा फरक पडला नाही, हेही त्यांतच लिहिले आहे. पण ज्या उपायाला खर्च जवळजवळ नाही आणि अपाय क्वचितच, त्याच्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. कुवेतलाही हे अपरिचित नाही. येथील पहिले परवानाधारक योगकेंद्र स्थापन करणाऱ्या शेखा अली अल-जाबर अल-सबाह यांना २०२५ मध्ये भारताने पद्मश्री दिली.

मात्र काही खुणा दिसल्यास श्वास मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, दुखण्याबरोबर ताप किंवा कारणाशिवाय घटणारे वजन, छातीत दाब किंवा डाव्या हातात उतरणारी कळ: ही घंटा खरी असते. मधुमेह असलेल्यांनी तळपायांची आग आणि मुंग्या अंगावर काढू नयेत.

मधुमेहावरून बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. मधुमेह, संधिवात आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदना यांनी त्यांची अखेरची वर्षे ग्रासली होती, आणि तरीही ते रात्र-रात्र लिहीत राहिले. आपल्या सभांतून हे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि ऐकणारा मनात म्हणतो: त्यांनी एवढे सोसले, मग माझ्या कमरेचे काय कौतुक? हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. बाबासाहेबांनी उपचार नाकारले नव्हते. डॉक्टरांचा सल्ला, इंजेक्शने आणि पथ्य हे त्यांच्या दिनक्रमाचे भाग होते. आणि इतरांनी सोसावे असे तर त्यांनी कधीच म्हटले नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने भारतातील कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्याही आधी, १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणाऱ्या सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दुखऱ्या पाठीवरचा पहिला मराठी उपचार कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही ती सुट्टी दाखवू.

तोच उपचार इथल्या कायद्यातही आहे, आणि तो आपल्या लोकांना माहीत नसतो. कुवेतच्या २०१० च्या सहाव्या क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार आठवड्याचे कमाल तास ४८ आहेत. सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीवाचून घेता येत नाही. मध्ये किमान एक तासाची सुट्टी द्यावी लागते. आजारपणात वर्षाला पहिले पंधरा दिवस पूर्ण पगारी रजा मिळते, त्यानंतरच्या दिवसांत पगार टप्प्याटप्प्याने कमी होतो. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. घरकामगारांसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. दिवसाला बारा तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुट्टी त्यात आहे. जो चौदा तास राबतो त्याला 'रोज दहा मिनिटे ध्यान कर' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला आधी ही कलमे समजावून सांगावीत, हवी तर सोबत जाऊन तक्रार लिहून द्यावी, आणि मग श्वासाचे बोलावे.

आपल्या समूहापुढे आमचा प्रस्ताव असा आहे. दर शुक्रवारी वंदनेनंतर आपण दीड-दोन तास भाषणे ऐकतो. त्यातला अर्धा तास कमी करून सर्वांनी चटईवर आडवे व्हावे आणि कोणीतरी मराठीत, सावकाश, पायाच्या बोटांपासून शरीराचे निरीक्षण वाचून दाखवावे. आपल्यात परिचारिका आहेत. भौतिकोपचार शिकलेल्या एखाद्या जाणकारास महिन्यातून एकदा बोलवावे. कायद्याची कलमे मराठीत छापून भिंतीवर लावावीत. हे तीन महिने करून पाहावे, ज्यांची तयारी असेल त्यांनी वही ठेवावी, आणि उपयोग झाला नाही असे दिसले तर बंद करावे. तोवर एक गोष्ट येत्या शुक्रवारपासूनच करता येईल. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी आठ-दहा खुर्च्या मांडाव्यात, आणि त्या मागच्या भिंतीला नव्हे, सर्वांच्या मध्ये असाव्यात.